एसएफ६: रिपोर्ट आणि सेफ्टी वेगळे कसे?

‘सस्टेनेबिलिटी रिपोर्ट म्हणजे ऑफिसात बसून कागद रंगवणं, सेफ्टी हे साइटवरचं खरं काम’ असं वर एकाने लिहिलंय. वैताग मान्य, पण निदान सबस्टेशनात तरी ही दोन कामं वेगळी नसतात. वीजप्रवाह तोडणारे ब्रेकर आणि जीआयएस (वायूने भरलेल्या बंद पेट्यांमधलं स्विचगिअर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं) यांच्यात इन्सुलेशनसाठी भरलेला एसएफ६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायूच घ्या. १ किलो गळला, तर १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. हाच वायू हवेपेक्षा पाचपट जड, रंग नाही, वास नाही. गळला की केबल ट्रेंचमध्ये साचतो आणि तिथला ऑक्सिजन हुसकावतो. उतरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उपकरणाच्या आत आर्किंग झालं (विजेची ठिणगी पेटली) असेल तर विषारी संयुगं तयार होतात, चेंबरमध्ये पांढरट पूड बसते. ती मास्क न लावता फडक्याने झटकणारे महाभाग पाहिलेत!

लो प्रेशरचा अलार्म आला की टॉप-अप करून मोकळं व्हायचं, ही खरी खोड. गॅस भरण्याआधी आणि नंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला तर किती भरावा लागला, म्हणजेच किती गळला, ते कळतं. तो आकडा रिपोर्टमधल्या उत्सर्जनाच्या तक्त्यात जातो आणि कुठल्या बेच्या (सबस्टेशनातल्या एका सर्किटच्या भागाच्या) ट्रेंचमध्ये ऑक्सिजन मीटरशिवाय माणूस उतरवायचा नाही तेही सांगतो. युरोपियन युनियनने २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये हा वायू २०२६पासून, काही अपवाद सोडून, बंद केलाय. जुनी उपकरणं मात्र अजून कित्येक वर्षं चालणार आहेत.