वेचणी लागली आणि रात्रीचा वर्ग ओस पडला. तरुणांना पुन्हा कसे आणावे?

प्रश्न : घाटंजीचा वाचनालयवाला

आमच्या गावात आम्ही चौघांनी मृगाच्या सुमारास समाजमंदिरात रात्रीचा वर्ग सुरू केला. अक्षरे जुळवताना अडखळणारी किंवा मुळीच न वाचणारी १८ ते २५ वयाची मुले-मुली पहिल्या आठवड्यात १४ आली, पोळ्यापर्यंत ७ उरली आणि कापसाची वेचणी लागल्यापासून दोघेच येतात. त्यातलाही एक बहुधा आमचा मान राखण्यासाठी येतो. काहींच्या घरी आठवीपर्यंतचा शाळेचा दाखला आहे, पण एसटीची पाटी वाचता येत नाही. नवभारत साक्षरता कार्यक्रमात नाव नोंदवा म्हटले की, ते म्हाताऱ्यांसाठी आहे, असे उत्तर मिळते. एकाने तर मला सरळ विचारले की फोन वाचून दाखवतो आणि बोललेले लिहूनही देतो, मग शिकायचे कशाला? मला तेव्हा उत्तर सुचले नाही. अनुभवींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : उमरखेडची ताई

भाऊ, आपण वर्गात कोणते पुस्तक वापरता, हे लिहिलेले नाही. पण पहिलीचे असेल तर निम्मे कारण तेथेच सापडेल. ज्याच्या बहिणीचे लेकरू तेच पुस्तक घेऊन अंगणवाडीशेजारच्या शाळेत जाते, तो बावीस वर्षांचा मुलगा चारचौघांत ते उघडणार नाही. मीही पहिले दोन महिने हीच चूक केली. नंतर एका मुलीने स्वतःची वेचणीची वही आणली. ती रोज किती किलो कापूस वेचते हे मालक लिहीत असे आणि आठवड्याच्या शेवटी सांगेल ती मजुरी ती घेत असे. आम्ही त्या वहीवरच वर्ग घेतला: आधी तिचे नाव, मग वार, मग किलोचे आकडे, मग किलोला दर लावून गुणाकार. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतंत्र वही घातली आणि दोन वह्यांचा मेळ लागेना तेव्हा ती मालकाशी बोलली. पुढे काय झाले ते वेगळे सांगायला नको, मात्र त्यानंतर तिच्या टोळीतल्या पाच जणी वर्गाला आल्या, आणि त्यांना बोलवायला मी गेले नव्हते.

नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील सर्वांसाठी आहे. त्याची चाचणी १५० गुणांची असते आणि वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात. मात्र तरुणाला त्या प्रमाणपत्रापेक्षा त्यापुढची पायरी दाखवावी लागते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते, आणि आयटीआयच्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण चालते. आणखी एक गोष्ट आमच्याकडे फार उपयोगी पडली: १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असेल तर तो सातवी उत्तीर्ण असावा लागतो. पारावर रोज राजकारण करणाऱ्या दोन पोरांना हे सांगितले, तेव्हा ती प्रथमच गप्प झाली.

उत्तर : फवारणीवाला, पांढरकवडा

मी वयाच्या २१ व्या वर्षी वाचायला शिकलो, म्हणून लिहितो. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा मी मजुरीने फवारत होतो आणि कृषी केंद्रातून आणलेली बाटली झाकणाच्या रंगावरून ओळखत होतो. बाटलीवरच्या चौकटीत त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा, हिरवा असा रंग असतो आणि त्याच क्रमाने विषारीपणा उतरत जातो, हे मला दवाखान्यात भरती झालेल्या मित्राला भेटायला गेलो तेव्हा कळले. फोन वाचून दाखवतो हे खरे आहे. परंतु पाठीवर पंप, हातात विषाने भिजलेले मोजे आणि वावरात रेंज नाही, अशा वेळी फोन खिशातून निघत नाही. आपल्या त्या मुलाला हे उत्तर द्यावे.

दुसरे असे की, मला शिकवणाऱ्या गुरुजींनी चार महिने कोणालाही सांगितले नाही की मी शिकतो आहे. मी त्यांच्या घरी कांदे निवडायला जातो, असे गावाला वाटत होते. समाजमंदिराच्या उघड्या दारात, दिव्याखाली बसायला मी कधीच आलो नसतो.

उत्तर : धानोऱ्याहून

दोन्ही उत्तरे पटली, तरी मला वाटते की तुम्ही ज्याला अनुत्साह म्हणता तो बराचसा हंगाम आहे. दिवसभर वेचणी करून आलेल्या माणसाची रात्री आठला मान पडते. आमच्याकडे मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वर्ग भरतच नाही, म्हणून आम्ही तो ठरवूनच बंद ठेवतो, आणि तसे आधी सांगतो. म्हणजे गैरहजर राहिल्याची लाज वाटून माणूस कायमचा तुटत नाही. शिवाय तुमच्या तालुक्यात कोलाम आदिवासींच्या वस्त्या आहेत. ज्यांची घरची भाषा कोलामी, त्यांना मराठी अक्षराआधी मराठी शब्दच परका असतो, आणि ते 'शिकायची इच्छा नाही' असे आपण समजतो. आमच्या गोंडी बोलणाऱ्या मुलांशी मी तीच गफलत तीन वर्षे केली.

प्रश्नकर्ता : घाटंजीचा वाचनालयवाला

सर्वांचा आभारी आहे. पहिलीचेच पुस्तक होते, हे कबूल करतो. आमच्या गळालेल्या १२ जणांपैकी पाच कोलाम पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे आहेत, ही गोष्ट आज प्रथमच माझ्या ध्यानात आली. संक्रांतीपर्यंत वर्ग बंद ठेवून तोवर वेचणीच्या वह्या आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवरचे कागद गोळा करतो. ताई, एक अडचण राहिली: दोन सुनांचे शाळेचे दाखले माहेरच्या नावाने आहेत आणि आधारवर सासरचे नाव आहे. आठवीचा अर्ज भरताना काय जोडावे?

उत्तर : उमरखेडची ताई

विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आधी काढून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) विचारा, आणि उन्हाळ्यापर्यंत थांबू नका.