होमस्कूलिंग सुरू करतोय, पहिला महिना कसा काढू?

कोथरूडची आई: मुलगी ७ वर्षांची आहे, जूनपासून घरीच शिकवायचं ठरवलंय. मी शिक्षिका नाहीये, टाइमटेबल केलं पण तिसऱ्या दिवशीच दोघी रडकुंडीला आलो. आणि पुढे दहावीचं काय, सासूबाई रोज तेच विचारतात.

दोन मुलांचा बाबा: अहो ताई, आधी ते टाइमटेबल बाजूला ठेवा. घरात शाळा भरवायला गेलात की दोघींचं भांडणच होणार, आमचंही झालं. सकाळी तासभर वाचन आणि गणित, बास. बाकी मंडईत घेऊन जा, पावशेर मिरची, अर्धा किलो वांगी, सुट्टे पैसे तिलाच मोजू दे, माझ्या मुलाला पाव-अर्धा-पाऊण तिथेच कळलं, वहीत सहा महिने डोकं फोडून कळलं नव्हतं.

सहकारनगर: दहावीसाठी एनआयओएस आहे, केंद्र सरकारचं मुक्त शाळा बोर्ड, वय १४ पूर्ण लागतं. म्हणजे तुमच्या हातात अजून ७ वर्षं आहेत, सासूबाईंना हे नीट सांगा, त्यांची काळजी खरी आहे. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात, छापील हवी तर अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं.

दोन मुलांचा बाबा: आणि पुण्यातलं जुन्या वस्तूंचं केळकर संग्रहालय दाखवाच, पण एका वेळी एकच दालन. आम्ही फक्त दिवे बघून आलो, पोरगा आठवडाभर दिव्यांचीच चित्रं काढत होता.

कोथरूडची आई: उद्या मंडईच. खूप धीर आला, थँक्यू दोघांना.