मी लपवून ठेवलेल्या फोटोतला पर्म लेकीला हवाय. करू द्यावा का?

मधुमालती

नमस्कार मंडळी. प्रश्न केसांचा आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारते.

1988 साली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, मी केस पर्म, म्हणजे औषधाने कुरळे, करून घेतले होते. माझे केस सरळसोट, कमरेच्या जरा वर. आजूबाजूला सगळ्यांचे फुगलेले, खांद्यावर उसळणारे कुरळे केस दिसायचे आणि मला ते हवेच होते. पार्लरमधल्या बाईंनी औषध लावून मला तब्बल दोन तास बसवून ठेवलं. तो नाकात चढणारा वास अजून आठवतो, डोळ्यांतून नुसतं पाणी येत होतं. पहिले पंधरा दिवस मी हवेत होते. आरशासमोरून हलत नव्हते. त्याच दिवसांत एक फोटो काढला.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या कानामागचे केस तुटायला लागले. गळत नव्हते, मधूनच तुटत होते. कंगव्यात दोन-दोन इंचांचे तुकडे यायचे. ओला केस चिमटीत धरून ओढला की रबरासारखा लांब व्हायचा आणि तसाच लोंबकळत राहायचा. शेवटी मानेपर्यंत सगळे कापले. कापताना आई दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

फोटो मी एका जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून दिला होता. मागच्या आठवड्यात लेकीला (वय 19) ती पर्स हवी होती म्हणून काढून दिली, आणि फोटोचं मी साफ विसरले. पाच मिनिटांनी ती फोटो हातात घेऊन आली. "आई, ही तू आहेस? मला अगदी असेच हवेत." शिवाय मागचे लांब ठेवून पुढून आणि कानांवरून आखूड कापायचे आहेत, म्हणजे मलेट आणि त्यावर पर्म.

मला तिचा उत्साह मोडायचा नाही. पण तो कंगवा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आजचा पर्म तेव्हाच्यासारखाच असतो का? आणि जे आम्ही हौसेने केलं आणि नंतर लाजून लपवलं, तेच या मुलांना आता का आवडतंय? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुनंच_बरं

ताई, फॅशन गोल फिरते, दुसरं काही नाही. साधनाने 1960 साली कपाळावर बटा आणल्या, 'साधना कट' म्हणून घरोघरी पोहोचल्या. आता त्याच बटा मधून फाकवून कपाळाच्या दोन्ही बाजूंना सोडतात आणि पडद्यासारख्या बटा म्हणून नवं नाव देतात. करू द्या, दोन वर्षांत तिलाच कंटाळा येईल.

कात्रीवाला

मधुमालती ताई, 29 वर्षं मी हेच काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी मनावरचं ओझं उतरवा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमचे केस पर्ममुळे नाही, त्या दोन तासांमुळे तुटले.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात, शिडीच्या दोन दांड्यांमधल्या पायऱ्या असाव्यात तशा. पर्मचं औषध, म्हणजे अमोनियम थायोग्लायकोलेट, या पायऱ्या सोडवतं. केस रॉडवर गुंडाळलेला असल्यामुळे दांड्या एकमेकींवरून थोड्या सरकतात. मग न्यूट्रलायझर लावायचं. त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड पायऱ्या पुन्हा बसवतं, पण नव्या जागी, म्हणून लाट टिकते. सगळं कसब किती पायऱ्या सोडवायच्या यात आहे. कमी सोडवल्या तर केस आठवड्यात सरळ होतो. फार सोडवल्या तर पुन्हा बसवायला शिडीच उरत नाही. ओला केस रबरासारखा लांबतो आणि मागे येत नाही, ते हेच.

औषधाचा वेळ साधारण 10 ते 20 मिनिटांचा असतो, आणि तोसुद्धा घड्याळावर सोडून द्यायचा नाही. मी दर दोन-तीन मिनिटांनी एक रॉड दीड फेरा उलगडून बघतो. केसाने इंग्रजी एस अक्षरासारखं वळण धरलं की लगेच धुवायला घेतो. कानामागचेच केस का गेले, तर तिथले केस मुळात बारीक असतात आणि औषध लावायला सुरुवात बहुतेक मागूनच होते. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ सोसला असणार.

आजचा पर्म वेगळा आहे का? रसायन तेच, पर्याय वाढलेत. राठ केसांसाठी जुनं आम्लारी औषध अजून वापरतात, नाजूक केसांसाठी सौम्य औषधं मिळतात. गरम रॉडचा पर्मही आहे, ज्याला डिजिटल पर्म म्हणतात. त्याची लाट मोठी आणि सैल येते, केस वाळल्यावर जास्त खुलते. थंड पर्म उलटा, ओला असताना जास्त कुरळा दिसतो. तुमच्या फोटोतला बहुधा थंडच.

(थंड हा शब्दही एका लांबच्या प्रवासानंतर आला. पर्मची सुरुवात झाली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये, कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकाराकडे. त्याच्या पद्धतीत केस पितळी रॉडवर गुंडाळून तापवायचे, आणि रॉड इतके जड की डोक्यावर भार येऊ नये म्हणून ते वरून टांगून ठेवायचे. बाई सहा-सहा तास तशी बसायची. पहिले प्रयोग त्याने बायकोवर केले आणि तिचे केस जळाले. उष्णतेशिवाय चालणारं औषध 1930 च्या दशकाच्या शेवटी आलं. मला हा इतिहास माहीत झाल्यापासून मी खुर्चीत बसलेल्या माणसाला घाई करत नाही.)

आता लेकीसाठी. केस ब्लीच केलेले असतील तर पर्म नको, स्पष्ट नको. मेंदी लावली असेल तर कुठली ते विचारा. काही तयार पुड्यांत धातूचे क्षार मिसळलेले असतात, त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात आणि तुटतात. घरी एक परीक्षा करा. डोक्याच्या निरनिराळ्या भागांतला एकेक केस घेऊन ओला करा, दोन्ही टोकं धरून हळू ताणा. चांगला ओला केस साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका लांबतो आणि सोडला की परत येतो. परत आला नाही किंवा लगेच तुटला तर थांबायचं. आणि पर्मच्या आधी मानेजवळची एक बारीक बट कापून तिच्यावर औषध लावून बघा म्हणावं. जो हे करायला तयार नाही त्याच्या खुर्चीत मुलीला बसवू नका.

जुनंच_बरं, तुमचं म्हणणं मला पटत नाही. फॅशन गोल फिरत असती तर कापही तोच आला असता. साधनाच्या बटा होत्या रुंद कपाळ झाकायला, कपाळावर सरळ उतरणाऱ्या. आताच्या बटा कपाळ मधून उघडं ठेवतात आणि गालांच्या हाडांवर येतात. काम वेगळं, कापण्याची रीत वेगळी. मलेटचंही तसंच. तेव्हा वरचे केस आखूड करून मागचे नुसते सोडून द्यायचे, सांधा कानामागे स्पष्ट दिसायचा. आता आम्ही कानशिलापासून मानेपर्यंत थर उतरवत नेतो, कडा वस्तऱ्याने हलक्या करतो, सांधा शोधावा लागतो. हल्ली ज्याला वुल्फ कट म्हणतात तो तर मलेट आणि शॅग (थराथरांत कापलेले, विस्कटल्यासारखे दिसणारे केस) यांचा मेळ आहे, आणि तो शॅग हॉलिवूडच्या जेन फोंडाने 1971 च्या सुमाराला केला होता. मुलं जुना फोटो आणतात खरी, पण घेऊन जातात वेगळंच काहीतरी.

निळी_छत्री

काकू, मी 24 वर्षांचा, चार वर्षं मलेट ठेवलाय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर देतो.

2020 मध्ये सलून बंद होते. पुढचे केस डोळ्यांत जायला लागले तेव्हा मी आरशात बघून स्वतःच कापले. मागचे दिसतच नव्हते, हातही पोहोचेना, म्हणून राहिले. सलून उघडली तोपर्यंत ते मानेवर रुळायला लागले होते. कापायला म्हणून खुर्चीत बसलो आणि शेवटच्या क्षणी म्हणालो, पुढचे नीट करा, मागचे राहू द्या. शाळेत असल्यापासून माझे केस "व्यवस्थित" होते. पहिल्यांदाच डोक्यावरची एखादी गोष्ट मी ठरवली होती.

मग त्याबद्दल वाचत गेलो. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने 1972 मध्ये असे केस ठेवले, लालभडक रंगवून. ऐंशीच्या दशकात खेळाडू, गायक, सगळ्यांनी ठेवले. पण 'मलेट' हे नाव रूढ झालं 1994 नंतर, बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप गटाच्या एका गाण्यामुळे, आणि ते चिडवायला! म्हणजे ज्यांनी हौसेने केस वाढवले त्यांच्याकडे हा शब्दच नव्हता. आधी केस होते, हसणं नंतर आलं. आम्हाला ते हसणं आठवतच नाही, आम्ही तेव्हा जन्मलोच नव्हतो. आम्हाला फोटोत फक्त केस दिसतात, आणि ते छान दिसतात.

टेनिसपटू आंद्रे आगासीचं वाचून तर मला भरून आलं. 1990 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात त्याचे ते प्रसिद्ध लांब केस म्हणजे टोप होता. केस गळत होते आणि त्याला ते जगाला दिसू द्यायचं नव्हतं. आदल्या रात्री टोप उसवायला लागला, पिना लावून कसाबसा बसवला, आणि सामन्यात त्याचं लक्ष टोपाकडे. हरला. हे त्याने स्वतः 2009 मध्ये आत्मचरित्रात लिहिलंय. केसांवर माणसाचा एवढा जीव असतो, ही क्षुल्लक गोष्ट नाही.

माझे बाबा पहिले तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या मागून जाताना म्हणाले, डावीकडे जास्त लांब झालेत, सारखे करून घे. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होतो. तुम्हीही तिच्याशी बोला काकू, गप्प राहू नका.

कुरळी

माझे जन्मतः कुरळे. लहानपणापासून ऐकलं, केस विंचर, तेल चोपड, सरळ करून घे. वयाच्या तिशीपर्यंत रोज इस्त्री फिरवली. आता लोक औषधं लावून माझ्यासारखे केस करून घेतात, आणि मी अनोळखी मुलींना सांगत बसते की कुरळे केस कोरडे असताना विंचरू नका. तुमच्या लेकीलाही सांगा. ओल्या केसांना कंडिशनर लावून रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर. पर्मनंतर पहिले दोन दिवस डोकं धुवायचं नाही आणि रबरबँड लावायचा नाही.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. कात्रीवाला दादा, तुमचं पहिलं वाक्य मी तीन वेळा वाचलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हौस केली म्हणून शिक्षा झाली.

काल रात्री दोघींनी मिळून ताणून बघायची परीक्षा केली. मानेजवळचा केस छान परत आला, टाळूवरचाही. कपाळाजवळचा ताणला आणि हातातच तुटला. मी तिच्याकडे बघितलं. मग कळलं, सहा महिन्यांपूर्वी मैत्रिणीकडे पुढच्या दोन बटा मुळापासून ब्लीच करून वर तपकिरी रंग लावला होता. मला सांगितलं नव्हतं. मी ओरडले नाही. माझाच फोटो कुठे ठेवला होता ते आठवलं.

आता काय करावं? तिचा चेहरा अगदी उतरलाय.

कात्रीवाला

ताई, उलट बरं झालं, आधीच कळलं. त्या बटांना आत्ता औषध लागता कामा नये. पण तिला मलेटच हवा आहे, आणि इथे तोच उपयोगी पडेल. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांत मुळाशी सातेक सेंटिमीटर नवा केस आला असेल. पुढच्या बटा 12 सेंटिमीटरच ठेवायच्या असतील तर अजून चार-पाच महिन्यांत ब्लीचचा भाग पूर्ण कापून टाकता येईल. मागच्या लांब केसांना काही झालेलंच नाही. तेव्हा आत्ता फक्त काप करा. पर्म नंतर, आणि कापणाऱ्याला ब्लीचचं आधी सांगा.

मधुमालती

आज काप करून आलो. तिने फोटो सोबत घेतला होता, आरशाच्या कडेला टेकवून ठेवला. कापणाऱ्या मुलीने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, यात कानावरचा थर फार सुंदर बसलाय. माझ्या कानावरचा! मी बाकावर बसले होते, उठून खुर्चीजवळ जाऊन उभी राहिले, आणि शेवटपर्यंत बोलत होते. इथून थोडं अजून, तिथे राहू द्या.

पर्म चार महिन्यांनी, बटेवर चाचणी करूनच. लेकीने कबूल केलंय. फोटो काही परत दिला नाही, मोबाइलच्या कव्हरमागे घातलाय.

एकच शंका. मागचे केस रात्री बांधून झोपायचं की मोकळे?

कात्रीवाला

मोकळे. फार गुंतत असतील तर सैल वेणी, रबर नको. पर्मच्या आधी एकदा इथे लिहा, औषधाच्या बाटलीवर काय छापलंय ते बघून सांगतो.