मदत हवी आहे: येल की इलिनॉय?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या एमएससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय: येल आणि इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना-शॅम्पेन. घरातली मोठी माणसं म्हणतात, येल मिळतंय तर विचार कसला करायचा! मला ते पटत नाहीये.

तिला कंपायलरमध्ये, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काम करायचंय. कंपायलर बनवायला वापरतात ते एलएलव्हीएम हे सॉफ्टवेअर २००० साली इलिनॉयमध्येच सुरू झालं. १९९३ चा मोझेक ब्राउझरही तिथलाच. सीएसरँकिंग्ज या कॉम्प्युटर सायन्स विभागांच्या क्रमवारीत प्राध्यापकांचे मोठ्या परिषदांमधले शोधनिबंध मोजतात, त्यातही इलिनॉय येलच्या बरंच वर आहे. अर्थात, सर्टीकॉस ही गणिताने पडताळलेली ऑपरेटिंग सिस्टिम येलची, म्हणजे तिथे काम होत नाही असं मुळीच नाही.

या विद्यापीठांत शिकलेल्यांनी कृपया सांगावं: इलिनॉयच्या मोठ्या विभागात एमएसच्या मुलांना प्राध्यापकांसोबत संशोधन करायला मिळतं का, की वर्गातल्या गर्दीत हरवायला होतं? हवे ते कोर्स मिळतात का? आणि पुढे पुण्यात परतली तर मुलाखतीत येलच्या नावाचा खरंच फरक पडतो का? शिक्षणासाठी कर्ज काढतोय, त्यामुळे अनुभवाचं ऐकायचंय. लवकर कळवायचं आहे.