साखर तोडल्याने कर्करोगाची गाठ उपाशी राहते का?

प्रश्न
माझ्या आत्याला फुप्फुसाचा कर्करोग आहे. पेट स्कॅनमध्ये (PET, शरीरात ग्लुकोज कुठे जास्त ओढले जाते हे दाखवणारी तपासणी) तिची एकच गाठ काही ठिकाणी ठळक, तर काही ठिकाणी फिकट दिसते. कर्कपेशी साखरेवर जगतात असे वाचून आम्ही तिचे गोड आणि भातही बंद केला आहे. सगळ्या पेशींचे अन्न एकच असेल, तर हा फरक का दिसतो?

पहिले उत्तर
सगळ्या पेशींचे अन्न एकच नसते, हेच त्याचे कारण आहे. प्राणवायू उपलब्ध असतानाही गाठीतील पेशी बऱ्याचशा ग्लुकोजचे लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट मोडून उरणारा पदार्थ) करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवले आणि पेट स्कॅन ग्लुकोजच्या याच ओढीवर आधारलेला आहे. मात्र रक्तवाहिनीपासून साधारण 100 ते 150 मायक्रोमीटरच्या पलीकडे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. तिथल्या पेशी ग्लुकोजवर तगतात आणि लॅक्टेट बाहेर टाकतात, तर वाहिनीलगतच्या पेशी तेच लॅक्टेट इंधन म्हणून वापरू शकतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी खुणेचे (शरीरात कुठे गेले ते मागाहून ओळखता येणारे) ग्लुकोज देऊन केलेल्या अभ्यासातही, रक्तपुरवठा कमी असलेले भाग ग्लुकोजवर अधिक अवलंबून असल्याचे आणि चांगला पुरवठा असलेले भाग इतर पोषकद्रव्येही वापरत असल्याचे आढळले. (फिकट भागात मृत ऊतीही असू शकते, त्यामुळे अर्थ डॉक्टरांनाच विचारावा.)

दुसरे उत्तर
उपचारांत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. प्राणवायूविना राहणाऱ्या पेशी मारायला रेडिएशन उपचारातील किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते. मात्रा अनेक दिवसांत विभागून देण्यामागे, मधल्या काळात उरलेल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचावा, हेही एक कारण आहे. एकच इंधन तोडले, तर दुसऱ्या इंधनावर जगणाऱ्या पेशी उरतात. लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात (रक्ताच्या एका कर्करोगात) ॲस्पॅराजिनेज हे औषध प्रभावी ठरते, कारण त्या पेशींना ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) पुरेसे बनवता येत नाही आणि औषध रक्तातले ॲस्पॅराजिन नष्ट करते. गाठीच्या सर्व भागांत सारखी असलेली अशी उणीव सापडणे दुर्मीळ आहे.

तिसरे उत्तर
आत्याबाईंचा भात कृपया पुन्हा सुरू करा. आहारातली साखर तोडली तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तातली पातळी टिकवते; गाठ उपाशी राहत नाही, रुग्णाचे वजन मात्र घटते आणि केमोथेरपी सोसणे अवघड होते. मधुमेह असल्यास पथ्य आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. तिला मधुमेह नाही. आज दुपारी तिला वरणभात देतो आणि पुढच्या तपासणीत फिकट भागांविषयी डॉक्टरांना विचारतो.