दातांचे डॉक्टर राजकारणात गेले की कॉलेजातली सीट वाया जाते?

लालबागकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'त्रिपुराच्या माणिक साहांसारखे लोक डॉक्टरकी सोडतात, सीट वाया घालवतात.' डोकंच फिरलं. साहा तोंड-जबड्याचे सर्जन, मेडिकल कॉलेजात शिकवायचे. २०१६ ला भाजपमध्ये आले, मुख्यमंत्री झाले मे २०२२ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी. उमेदीची वर्षं पेशंटनाच दिली ना? वर जानेवारी २०२३ मध्ये हापानियाच्या आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडातल्या सिस्टचं, म्हणजे पाणी भरलेल्या गाठीचं, ऑपरेशन केलं. वाया काय गेलं?

मुलुंड पूर्व:
ते मीच लिहिलं. पुढच्याच महिन्यात तिथे मतदान होतं, हे का गाळलंत? आणि दंतवैद्य म्हणजे चांगला राज्यकर्ता, असं कुठे आहे? तुर्कमेनिस्तानचा बेर्दिमुहामेदोव दंतवैद्यच. तो आरोग्यमंत्री असताना २००५ मध्ये राजधानीबाहेरची इस्पितळं बंद करायचं फर्मान निघालं. पुढे पंधरा वर्षं राष्ट्राध्यक्ष, आता गादीवर मुलगा.

बीडीएस गोरेगाव:
तुर्कमेनिस्तान कशाला, मुंबईचं बोला. चार वर्षं अधिक इंटर्नशिप करून मी दुसऱ्याच्या क्लिनिकात टक्क्यावर काम करते. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, गाळ्याचं डिपॉझिट कुठून आणू? सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकवतात, 'तुम्ही काय खऱ्या डॉक्टर?' आणि आमच्यातलं कुणी राजकारणात गेलं की लगेच सीटचा हिशोब!

मुलुंड पूर्व:
हिशोब करणारच. आईच्या दोन दातांचं रूट कॅनाल आणि कॅप, सतरा हजार. मेडिक्लेमवाले म्हणाले, दातांचा खर्च पॉलिसीत बसत नाही.

बीडीएस गोरेगाव:
मग नायर डेंटलला न्यायचं होतं, मुंबई सेंट्रलला. पण तिथे रांग लावायला नको ना तुम्हाला!

परळ व्हिलेज:
रूट कॅनालचं काय घेऊन बसलात! माझा भाऊ टेम्पो चालवतो, वय ३४. तोंड उघडेना म्हणून दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन बोटं उभी तोंडात घाल. एकच गेलं, तेही पेरापर्यंत. वडापाव कुस्करून खातो. दहा वर्षं गुटखा. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे! आमच्या नाक्यावर सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, हातावर एकत्र करायची. तक्रार कुणाकडे करायची? महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक.

लालबागकर:
म्हणूनच म्हणतो, असं तोंड आतून पाहिलेलं माणूस सभागृहात हवं.

मुलुंड पूर्व:
पाहून काय होतं? कायदा आहेच, टपरीवर धाड कोण घालणार? तिथे डॉक्टर नाही, पोलीस लागतो.

बीडीएस गोरेगाव:
आणि त्या पोलिसाला जाब कोण विचारणार? तुम्ही? मी रोज अशी दोन-तीन तोंडं बघते. तुम्ही एकदा तरी बघितलंय का?

मुलुंड पूर्व:
नाही बघितलं. बरं, 'सीट वाया' हे चुकलं, तेवढं मागे घेतो. मतदानाच्या तोंडावरचं ऑपरेशन मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. परळ, भावाची बायोप्सी केलीत का?

परळ व्हिलेज:
केली. रिपोर्ट गुरुवारी.