ग्रुपवर शंका विचारली, पुढे तिचे काय झाले?

खडूफळा:
‘मुले व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर आहेतच, मग महाविद्यालयांनी ऑनलाइन अभ्यासासाठी वेगळ्या प्रणालीवर पैसे कशाला उधळायचे?’ असा सल्ला परवा येथे एका सदस्याने दिला, आणि त्यावर पडलेल्या टाळ्या पाहून हे लांबलचक उत्तर लिहिणे भाग पडले. मी परळच्या एका महाविद्यालयात पुस्तपालन शिकवतो. घसाऱ्याच्या, म्हणजे वापराने मालमत्तेची किंमत घटण्याच्या, एका उदाहरणाबद्दल सोमवारी रात्री एका मुलीने ग्रुपवर विचारलेली शंका मंगळवारी सकाळपर्यंत परीक्षा अर्जाच्या तारखा, मध्य रेल्वेच्या खोळंब्याच्या वार्ता आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकांखाली गाडली गेली होती. मी ती शोधून उत्तर दिले. तरी पंधरवड्यात आणखी चौघांनी तीच शंका विचारली, आणि आधीचे उत्तर मलाही सापडेना. मूडल ही ऑनलाइन अभ्यासाची प्रणाली २००२ पासून मोफत उपलब्ध आहे, आणि तेथे प्रश्नाचे उत्तर वर्षभर प्रश्नाखालीच राहते.

चाळकरी:
सर, मूडल मोफत आहे. त्याचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस मोफत नाही. २०२० मध्ये लालबागच्या आमच्या खोलीत पाच माणसे होती आणि स्मार्टफोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. ते बेस्टमध्ये वाहक असल्याने टाळेबंदीतही कामावर जात, त्यामुळे सकाळच्या थेट तासाला मी एकदाही हजर नव्हतो. आमच्या बाई रात्री ग्रुपवर चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोट टाकत. त्या मी वडील झोपल्यावर, फोन कानाशी धरून ऐकल्या आणि बारावी झालो. तुम्हाला केक दिसले, मला बाई दिसल्या.

खडूफळा:
आपल्या बाईंबद्दल आदर आहे. परंतु २०२१ मध्ये राज्य मंडळाची बारावीची परीक्षाच रद्द झाली होती आणि निकाल ९९.६३ टक्के लागला होता, हेही वाचकांना ठाऊक असावे.

चाळकरी:
परीक्षा रद्द झाली होती, अभ्यास नव्हे. हे वाक्य आपण वर्गात आमच्या तोंडावर उच्चारले असते का?

कट्ट्यावरचा:
सरांची मूळ तक्रार व्हॉट्सअ‍ॅपपुरती खरी आहे. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये २०२२ पासून विषयवार कप्पे करता येतात, नव्याने आलेल्याला जुने संदेश दाखवता येतात आणि सदस्यसंख्या दोन लाखांपर्यंत जाते. व्हॉट्सअ‍ॅप १,०२४ वर थांबते. आमचा एमपीएससीचा सगळा अभ्यास टेलिग्रामवरच चालतो.

दादर पश्चिम:
चालतो, पण कोणाच्या जिवावर? मी बावीस वर्षे क्लास घेतो. रात्री जागून तयार केलेल्या माझ्या नोट्स दोन दिवसांत टेलिग्रामच्या चॅनेलवर फिरू लागतात, त्याही माझे नाव खोडून. क्लासचे साहित्य असे वाटणाऱ्यांचा तपशील उघड करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये टेलिग्रामला द्यावा लागला, तो काही उगाच नव्हे. याला शिक्षणाचे लोकशाहीकरण म्हणायचे असेल, तर खिसेकापूलाही समाजसुधारक म्हणावे लागेल.

कट्ट्यावरचा:
आपली फी भरण्यासाठी ज्यांच्या आईला दागिने गहाण टाकावे लागतात, त्यांनी काय करावे, हेही सांगावे. बालभारती आपली पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवते. तिचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

दादर पश्चिम:
बालभारती ही सरकारने स्थापलेली संस्था आहे. माझ्या जागेचे भाडे सरकार भरत नाही. आणि त्या दागिन्यांचे म्हणाल, तर गरजू मुलांकडून मी अर्धीच फी घेतो; फुकट्यांमध्ये गरजू किती आणि आळशी किती, हे एकदा मोजून पाहावे.

कट्ट्यावरचा:
मोजणार कोण? आपणच ना!

मुलुंडची आई:
चोरीचे भांडण बाजूला ठेवून एक विचारते. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातल्याबरोबर माझ्या सोळा वर्षांच्या मुलीचा नंबर दीडशे अनोळखी लोकांना दिसू लागला आणि तिसऱ्याच दिवशी रात्री साडेअकराला ‘हाय’ आले. परवानगी मला कोणी विचारली होती? आता तिच्या जागी त्या ग्रुपमध्ये मी आहे. घसारा मला आता बऱ्यापैकी समजतो.

खडूफळा:
ताई, माझ्या सगळ्या लेखात नसलेला खरा मुद्दा आपण मांडलात. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय केली तरी नंबर दिसतोच, शिवाय शंका विचारण्याची वाटही बंद होते; मग त्या ग्रुपमध्ये आणि महाविद्यालयाच्या सूचनाफलकात फरक तो काय राहिला? चाळकरी यांचे एवढे मान्य करतो की, मुलांच्या हाती रात्रीच फोन येत असेल तर थेट तासाचा हट्ट मूर्खपणाचा आहे. मात्र त्यांना तारले ते रात्री ऐकता येणाऱ्या आवाजाने. तो आवाज मूडलवरही ठेवता येतो. पुढच्या सत्रापासून शंका आणि उत्तरे मूडलवर राहतील, ग्रुपवर फक्त दुवा येईल.

चाळकरी:
ठेवता येतो, पण ठेवला कोणी होता? दुवा अवश्य द्या. मात्र तो उघडताना दर वेळी संकेतशब्द मागितला जाणार असेल, तर वडिलांच्या फोनवर रात्री बारा वाजता तो आठवत बसायला मुलांना वेळ नसतो. व्हॉइस नोटही चालू ठेवा. चार मिनिटांच्या वर नको.

दादर पश्चिम:
आणि माझ्या नोट्सचे काय?